ओलेपणापेक्षा दाब मोठा: स्पायना बायफिडामध्ये मूत्रपिंडं आयुष्यभर कशी जपायची

गर्भात कणा पूर्ण बंद झाला नाही, म्हणजे स्पायना बायफिडा झाला, आणि पाठीवर गाठ घेऊन बाळ जन्माला आलं की पहिल्या काही दिवसांत गाठीचं ऑपरेशन होतं, डोक्यात पाणी साठत असेल तर ते वाहून नेणारी आतली नळी, म्हणजे शंट बसतो, आणि मग घरातल्या सगळ्यांचं लक्ष पायांवर जातं. चालेल का, कधी चालेल, फिजिओथेरपी कुठे करायची. लघवीचा प्रश्न डायपरवर सोपवला जातो. 'लहान आहे अजून, सगळीच बाळं ओली करतात' असं आजी म्हणते, आणि त्या वयात ते खरंही असतं. पण मोठेपणी या मुलांच्या जिवावर बेतलं तर ते पायांमुळे नव्हे, बरेचदा मूत्रपिंडांमुळे बेततं. दिलासा एवढाच की दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त बाळांची मूत्रपिंडं जन्मताना चांगली असतात. बिघाड नंतर होतो, हळूहळू होतो, आवाज न करता होतो आणि बराचसा टाळता येतो.

तो कसा टाळायचा, ते इथे क्रमाने सांगितलंय. लहान मुलांच्या आईवडिलांसाठी आणि स्पायना बायफिडा घेऊन मोठ्या झालेल्यांसाठीही. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन आणि तपासण्या पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.

आधी समजून घ्या: शत्रू कोण

लघवीच्या पिशवीला, म्हणजे मूत्राशयाला, हुकूम देणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाकडून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थी या हाडातून निघतात. कण्यातला दोष कंबरेवर असो की आणखी वर, त्याखालच्या या नसांना जवळजवळ नेहमीच झळ पोचते. म्हणून चांगलं चालणाऱ्या मुलाचंही मूत्राशय बिघडलेलं असू शकतं. पाठीवर उघडी जखम नव्हती, नुसती चरबीची गाठ, केसांचा झुपका किंवा खोल खळगा होता, अशा झाकलेल्या दोषातही हे घडतं. आईला मधुमेह असताना कधीकधी बाळाचं हे त्रिकास्थी हाड अर्धवट बनतं, त्यातही घडतं. पायांवरून मूत्राशयाचा अंदाज बांधू नये.

मूत्राशयाची कामं दोनच. कमी दाबाने लघवी साठवायची आणि वेळ आली की पूर्ण रिकामं व्हायचं. साठवताना भिंत सैल असते आणि तोंडाचा स्नायू आवळलेला. रिकामं होताना याच्या उलट. नसांचा ताळमेळ सुटला की काही मुलांत भिंत आकुंचन पावते त्याच क्षणी तोंडही आवळलं जातं. लघवी बाहेर पडत नाही, आतला दाब चढतो, वर्षानुवर्षं झुंजून भिंत जाड आणि कडक होते. मग तो दाब मूत्रवाहिन्यांतून वर मूत्रपिंडांपर्यंत जातो. काहींची लघवी उलटी वरही चढते, त्याला रिफ्लक्स म्हणतात. दुसऱ्या काही मुलांत भिंतही ढिली आणि तोंडही ढिलं, त्यामुळे लघवी सतत थेंबथेंब गळते. या मुलाच्या ओल्या कपड्यांनी घरचे थकून जातात, पण त्याचा दाब कमी असल्याने मूत्रपिंडं तुलनेने सुखरूप असतात.

म्हणजे लघवी काढायची नळी (कॅथेटर) न घालताही तासन्‌तास कोरडं राहणारं मूल पाहून सुटकेचा नि:श्वास टाकू नका, त्याची तपासणी आधी करा.

१९८१मध्ये अमेरिकेत एडवर्ड मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या मूत्राशयातला दाब मोजला. ज्यांची लघवी पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीपेक्षा जास्त दाब झाल्यावरच गळायची, त्यांच्या मूत्रपिंडांचं आणि मूत्रवाहिन्यांचं नुकसान कितीतरी जास्त होतं. चाळीसच्या खाली सगळं ठीक आणि वर सगळं वाईट इतकं ते सरळ नाही, पण तो आकडा आजही जगभरचे डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवतात. तुम्हीही लक्षात ठेवा, कारण रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा आहे: दाब किती?

तपासण्यांचं वेळापत्रक

पाठीचं ऑपरेशन झाल्यावर, घरी सोडण्याआधी, मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी व्हायला हवी. बाळाने लघवी केल्यानंतर आत किती उरते तेही नळी घालून पाहावं. मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन पहिल्या एक-दोन दिवसांत तपासून उपयोग नाही, तेव्हा ते आईचं असतं. काही दिवस थांबून करतात.

साधारण तीन महिन्यांचं बाळ झालं की युरोडायनॅमिक तपासणी. या नावाला घाबरू नका. मूत्राशयात एक बारीक नळी आणि गुदद्वारात एक बारीक नळी घालून मूत्राशय सावकाश पाण्याने भरतात, आणि भरताना दाब कसा चढतो त्याचा आलेख निघतो. भूल देत नाहीत, कारण भुलीत स्नायूंचं खरं वागणं दिसत नाही. बाळ रडलं तर आलेख बिघडतो, म्हणून दूध पाजायची वेळ आणि लाडकं खेळणं सांभाळून जा. आदल्या दिवसापर्यंत पोट साफ झालेलं हवं, शौचाने भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि रिपोर्ट फसवा येतो. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलतात. रिपोर्टमधून चार गोष्टी डायरीत उतरवून घ्या: मूत्राशयात किती मिलिलिटर मावतं, किती दाबाला गळती सुरू होते, भरत असताना दाब किती चढला, आणि शेवटी किती उरलं.

रिफ्लक्स पाहायला एमसीयू नावाचा एक्स-रे असतो. मूत्रपिंडावर व्रण आहेत का हे डीएमएसए स्कॅन दाखवतो. हा पहिला स्कॅन फार मोलाचा असतो, कारण पुढे काही बिघडलं तर तुलना याच्याशीच होते. फिल्म आणि सीडी घरी जपून ठेवा. दवाखान्यातलं रेकॉर्ड वीस वर्षांनी मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.

पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी सोनोग्राफी, मग सहा महिन्यांनी, आणि सगळं स्थिर दिसलं की वर्षातून एकदा. ही वर्षातून एकदाची सोनोग्राफी मात्र मरेपर्यंत चालू ठेवायची. शाळा संपली, नोकरी लागली, लग्न झालं तरी. युरोडायनॅमिक लहानपणी वरचेवर होते, नंतर काही बदल जाणवला की.

सोनोग्राफीला जाताना एक गोष्ट सांभाळा. काठोकाठ भरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रपिंडं थोडी फुगलेली दिसू शकतात. म्हणून सोनोग्राफी आधी भरल्या मूत्राशयावर आणि मग नळीने रिकामं करून, अशी दोन्ही वेळा करायला सांगा. रिकामं केल्यावरही सूज तशीच असेल तर ती गंभीरपणे घ्यायची. कॅथेटर सोबत न्यायला विसरू नका, सोनोग्राफी सेंटरवर तो मिळत नाही.

आता क्रिएटिनिनबद्दल. ही चूक मोठमोठ्या ठिकाणी होताना दिसते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याचे पाय बारीक आहेत, जो व्हीलचेअरवर आहे, त्याच्या अंगात स्नायूच कमी असतात. त्याचं मूत्रपिंड बरंच खराब होईपर्यंत क्रिएटिनिन 'नॉर्मल'च येतं. लॅबच्या कागदावर ठळक अक्षर नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी स्नायूंवर अवलंबून नसते. ती क्रिएटिनिनपेक्षा महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, तरी डॉक्टरांना विचारून अधूनमधून ती करून घ्यावी. क्रिएटिनिन करायचंच असेल तर मागच्या वर्षीच्या आकड्याशी पडताळा. ०.३वरून ०.६ झालं असेल तर दोन्ही आकडे 'नॉर्मल' असूनही काहीतरी घडलंय.

लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाबही दर वर्षी पाहावा. लहान मुलाचा रक्तदाब लहान पट्ट्यानेच मोजायचा, मोठ्यांच्या पट्ट्याने तो खोटा कमी दिसतो.

नळीने लघवी काढणं: सगळ्याचा पाया

१९७२मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी एक धाडसी गोष्ट मांडली. नळी निर्जंतुक असलीच पाहिजे असं नाही, स्वच्छ असली तरी चालेल, पण ती वेळेवर घालायलाच हवी. त्यांचं म्हणणं होतं की मूत्राशय ताणून फुगलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा मंदावतो आणि मग जंतू जोर धरतात. तोवर हे काम हातमोजे घालून दवाखान्यातच व्हायचं. त्यानंतर ते घरी, शाळेत, रेल्वेच्या डब्यात होऊ लागलं. या एका पद्धतीने जितकी मूत्रपिंडं वाचवली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने वाचवली असतील. ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढायच्या या पद्धतीला आपल्याकडे सीआयसी म्हणतात. ज्या बाळांच्या मूत्राशयात दाब जास्त दिसतो त्यांना ती पहिल्या महिन्यांतच सुरू करतात, आणि अनेक केंद्रांत तर सगळ्याच बाळांना. मला हे दुसरं धोरण जास्त पटतं. तान्ह्या बाळाला नळीची सवय सहज लागते. पाच वर्षांच्या मुलाला तीच लावायला गेलं की घरात रोज युद्ध.

नळीचा आकार फ्रेंच या मापात मोजतात, फ्रेंचला तीनने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये येते. बाळाला ६, शाळकरी मुलाला ८ किंवा १०, मोठ्याला १२ ते १४. मागच्या टोकाचा रंग आकार सांगतो: ८ निळा, १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा. औषधाच्या दुकानात रंग सांगितला तरी चालतं.

कृती अशी:

१. हात साबणाने नीट धुवा. प्रवासात सॅनिटायझर चालेल.

२. नळी, जेली, मोजायचं भांडं आणि स्वच्छ कपडा हाताशी घ्या. मुलीला पाय फाकवून बसवा किंवा आडवं करा. मुलगा बसून किंवा उभ्याने करू शकतो.

३. लघवीची जागा पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा. दर वेळी डेटॉल, सॅव्हलॉन लावायची गरज नाही, त्याने कातडी सोलवटते.

४. नळीच्या पुढच्या भागाला जेली लावा. मुलग्याच्या बाबतीत जास्त, कारण वाट लांब असते.

५. मुलग्याचं शिश्न पोटाच्या दिशेने वर धरा म्हणजे वाट सरळ होते. कातडी सहज मागे जाईल तेवढीच न्यावी आणि काम झाल्यावर आठवणीने पुढे आणावी. मागेच राहिली तर सुजून अडकते. मुलीला सुरुवातीला आरसा उपयोगी पडतो. नळी चुकून योनीमार्गात गेली तर ती तिथेच राहू द्या आणि दुसरी नळी तिच्या वरच्या छिद्रात घाला. अशाने पुन्हा तीच चूक होत नाही.

६. लघवी येऊ लागली की नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवा. धार थांबली की सावकाश बाहेर ओढा, आणि मध्येच धार पुन्हा लागली तर थांबा. तळाशी उरलेली लघवी अशीच निघते. घाईघाईत सर्रकन नळी काढणाऱ्यांना वरचेवर जंतुसंसर्ग होतो.

७. किती मिलिलिटर निघाली ते लिहा.

नळी अडली तर जोर लावू नका. मुलाला खोल श्वास घ्यायला सांगा, खोकायला सांगा, एखादं मिनिट थांबा, पुन्हा हलक्या हाताने पाहा. जातच नसेल आणि मूत्राशय भरलेलं असेल तर सरळ दवाखाना गाठा. कधीतरी रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरायचं कारण नाही. वरचेवर दिसला तर दाखवा.

किती वेळा? जागेपणी दर तीन-चार तासांनी, म्हणजे दिवसाकाठी पाच-सहा वेळा. मुलाच्या मूत्राशयात किती मावायला हवं याचं ढोबळ गणित आहे: वयात दोन मिळवा आणि तीसने गुणा. सहा वर्षांच्या मुलासाठी आठ गुणिले तीस, म्हणजे २४० मिलिलिटर. तुमच्या मुलाचा युरोडायनॅमिकमधला सुरक्षित आकडा याहून कमी असेल तर तोच खरा. दर वेळी ३५० निघत असेल तर दोन वेळांमधलं अंतर जास्त झालंय. मोठ्या माणसाच्या मूत्राशयातही एका वेळी ४००-५०० मिलिलिटरहून जास्त साठू देऊ नये.

महिन्यातून एकदा दोन दिवसांची नोंद करा. वेळ, किती निघाली, मधे ओलं झालं का. डायपर वापरत असाल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ओल्या डायपरमधून कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. डॉक्टरांना 'बरंच ओलं होतं' यापेक्षा हा कागद कितीतरी जास्त सांगतो.

एक नळी पुन्हा वापरावी का? पाकिटावर 'एकदाच वापरा' असं लिहिलेलं असतं, आणि परवडत असेल तर तेच करावं. पण दिवसाला सहा नळ्या म्हणजे महिन्याला एकशे ऐंशी. आपल्याकडे बरीच घरं नळी धुऊन पुन्हा वापरतात, आणि त्यांना त्याबद्दल अपराधी वाटायला लावण्यात अर्थ नाही. वापरल्यावर लगेच आतून-बाहेरून वाहत्या पाण्याने, मग साबणाने, मग पुन्हा पाण्याने धुवा, झटकून पाणी काढा, लटकवून पूर्ण वाळू द्या आणि झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. ओली नळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. कडक झाली, धुरकट झाली किंवा टोक खरखरीत लागलं की टाकून द्या. किती दिवस वापरायची हे तुमच्या युरोलॉजिस्टला विचारून ठरवा. नळी एकाची दुसऱ्याला कधीच नाही.

लाल रबरी नळी घरात आणूच नका. स्पायना बायफिडा असलेल्यांना लॅटेक्सची म्हणजे नैसर्गिक रबराची ॲलर्जी होण्याचा धोका फार जास्त असतो, कारण जन्मापासून ऑपरेशनं आणि नळ्यांमधून रबराशी संबंध येत राहतो. ऑपरेशनच्या टेबलावर ती जिवावर बेतू शकते. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'लॅटेक्स नको' लिहून ठेवा. वाढदिवसाचे फुगेही यातच आले. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना केळं आणि किवी खाऊनही खाज सुटते, ओठ सुजतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

स्वतःच्या हाताने

सहा-सात वर्षांचं मूल हळूहळू स्वतः नळी घालायला शिकू शकतं. आधी सामान मांडणं, मग जेली लावणं, मग नळी ओढून काढणं, शेवटी घालणं. शंट असलेली बरीच मुलं बोलायला चुणचुणीत असतात, कृतीही छान करतात, पण वेळेचं भान त्यांना राहत नाही. हा आळस नाही. डोक्यात पाणी साठण्याशी त्याचा संबंध आहे. ओरडण्यापेक्षा कंप पावणारं घड्याळ द्या. आणि मूल 'केलं' म्हणालं तरी किशोरवयात अधूनमधून भांड्यातले मिलिलिटर तुम्ही पाहा. तेरा ते अठरा या वयात नळी चुकवण्याचं प्रमाण वाढतं आणि नेमका तेव्हाच दाबही वाढतो.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा: मुलाला मधल्या सुट्टीत दहा मिनिटं आणि कडी लागणारं, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह हवं आहे. ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६प्रमाणे शाळेने अशी सोय करून देणं अपेक्षित आहे. ओलं होऊ नये म्हणून मुलं शाळेत पाणीच पीत नाहीत, त्यावर लक्ष ठेवा. 'पाणी कमी पाज म्हणजे कपडे कोरडे राहतील' हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास येतो. तो ऐकू नका.

औषधं, बोटॉक्स आणि ऑपरेशन

नळी घालूनही दाब जास्त राहिला तर मूत्राशयाची भिंत सैल करणारं औषध देतात. सर्वांत जुनं आणि सर्वांत वापरातलं ऑक्सिब्युटिनिन. त्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं आणि घाम कमी येतो. ही तिसरी गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये विसरू नका. घाम न आल्याने मूल लाल होतं, तापतं. उन्हात खेळायला पाठवू नका, ओल्या फडक्याने पुसत राहा. फारच त्रास झाला तर डॉक्टर औषध बदलतात, किंवा तेच नळीवाटे थेट मूत्राशयात सोडायला शिकवतात. मिराबेग्रॉन हे वेगळ्या जातीचं औषध आहे, त्यावर रक्तदाब पाहावा लागतो.

मूल कोरडं राहू लागलं की औषध परस्पर बंद करणारे पालक बरेच. औषध कोरडेपणासाठी नसतं, दाबासाठी असतं.

रात्रभर मूत्राशय भरून राहतं आणि सकाळी मूत्रपिंडं फुगलेली दिसतात अशा वेळी रात्री नळी बसवून यूरिन बॅगला जोडून ठेवायला सांगतात. साधा उपाय आहे, काही मुलांत त्याने मोठं ऑपरेशन टळतं. त्यापुढची पायरी स्नायू तात्पुरता ढिला करणाऱ्या बोटॉक्सची, दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत इंजेक्शनं. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, पुन्हा द्यावं लागतं.

एवढं करूनही दाब उतरला नाही तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करतात. ऑपरेशन चांगलं आहे, पण ते करून नळी सुटत नाही, उलट पक्की होते. जो माणूस रोज वेळेवर नळी घालणार नाही त्याच्यावर हे ऑपरेशन करू नये. आतडं चिकट स्राव सोडत राहतं, म्हणून मूत्राशय नियमित धुवावं लागतं, नाही धुतलं तर खडे होतात. रक्तातलं आम्ल वाढू शकतं, काही वर्षांनी बी-१२ कमी पडू शकतं, दोन्हींच्या तपासण्या लागतात. सगळ्यात मोठा धोका म्हणजे हे मूत्राशय फुटू शकतं. पोटात संवेदना कमी असल्याने दुखणं फारसं कळत नाही. पोट फुगलं, उलट्या होतायत, ताप आहे, खांदा दुखतोय, नळीतून लघवी कमी येतेय, तर 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा खात बसू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा आणि 'मूत्राशय मोठं केलेलं आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. रात्रपाळीच्या डॉक्टरला ते माहीत असायचं कारण नाही.

व्हीलचेअरवरून उठून नळी घालणं ज्यांना, विशेषतः मुलींना, जड जातं त्यांच्यासाठी मित्रोफानॉफ ऑपरेशन आहे. फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८०मध्ये ते मांडलं. अपेंडिक्स वापरून बेंबीजवळ छोटी वाट काढतात आणि नळी तिथून घालतात. म्हणून दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन 'जाता जाता अपेंडिक्सही काढून टाकतो' म्हणाले तर आधी थांबवा. स्पायना बायफिडामध्ये अपेंडिक्स हा राखून ठेवायचा ऐवज आहे.

शौच

हा भाग लोक शेवटी वाचतात, वाचायला हवा पहिला. भरलेलं आतडं मूत्राशयावर रेलतं, गळती वाढते, नळीने पूर्ण रिकामं होत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. जेवणानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हालचाल करतं, त्या वेळी पाय टेकतील अशा आसनावर रोज ठरलेल्या वेळी बसवा. औषध लागलं तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज डॉक्टरांच्या सल्ल्याने. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतलं नाही तर आणखी घट्ट होतं. त्याने न भागल्यास खालून पाण्याने आतडं धुण्याची पद्धत शिकवतात. तेही पुरेसं नसेल तर ब्रिटनचे सर्जन मॅलोन यांनी १९९०मध्ये सांगितलेली शस्त्रक्रिया करतात, त्यात पोटावरच्या छोट्या वाटेतून वरून पाणी सोडतात. त्यासाठीही अपेंडिक्सच लागतं.

लघवीतले जंतू आणि खरा आजार

नळी वापरणाऱ्याची लघवी तपासली तर त्यात जंतू सापडणारच. ते तिथे राहतात, बहुधा काही करत नाहीत. त्रास नसताना रूटीन म्हणून कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) करायचं, 'पस सेल्स' म्हणजे पूच्या पेशी दिसल्या म्हणून अँटिबायोटिक घ्यायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, या चक्रातून फक्त औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात. औषध कधी घ्यायचं? ताप, कंबरेच्या वर बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, किंवा एरवी कोरड्या राहणाऱ्याची अचानक गळती सुरू होणं. नुसता वास आला किंवा लघवी गढूळ दिसली तर आधी पाणी वाढवा, नळी एक-दोन वेळा जास्त घाला आणि एक दिवस पाहा.

नमुना नव्या नळीने काढलेला ताजा हवा, अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी. डायपरमधून पिळलेला किंवा चिकटवलेल्या पिशवीतला नमुना नको. वरचेवर संसर्ग होत असेल तर अँटिबायोटिक बदलत बसण्यापेक्षा कारण शोधा: पोट साफ नाही का, रात्री दहा तासांचं अंतर पडतंय का, खडा आहे का, दाब वाढलाय का. शंट असलेल्या मुलाला ताप आला आणि लघवी चांगली असेल तर शंटकडेही पाहायला लावा.

हे टाळा

पोट दाबून लघवी काढणं. जुन्या काळी हे शिकवलं जायचं, काही ठिकाणी अजूनही शिकवतात. तोंडाचा स्नायू आवळलेला असेल तर दाबलेली लघवी वर मूत्रपिंडाकडे जाते.

अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइडसारख्या गोळ्या वरचेवर घेणं. तापाला पॅरासिटामॉल बरं. 'किडनी साफ करणारे' काढे आणि भस्मं, ज्यांत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही, ती नकोतच. काही भस्मांत शिसं, पारा यांसारखे धातू असतात आणि ते मूत्रपिंडालाच आधी इजा करतात.

उंची वाढते तेव्हा

लहानपणी शिवलेल्या जागी मज्जारज्जू व्रणाला चिकटून राहतो. मूल भराभर उंच होऊ लागलं की तो ताणला जातो. आधी कोरडं राहणारं मूल ओलं होऊ लागलं, कंबर दुखू लागली, पाऊल वाकडं पडू लागलं, पाठीचा कणा झुकू लागला, तर युरोडायनॅमिक आणि कण्याचा एमआरआय दोन्ही करायला हवेत. पुष्कळदा पहिला इशारा लघवीतूनच येतो, पायातून नाही. वयात येतंय, म्हणून चिडचिड आणि ओलं होणं चाललंय असं समजून वर्ष घालवू नका.

अठरानंतर

बालशल्यचिकित्सकांचा दवाखाना अठराव्या वर्षी सुटतो आणि पुढे कुणाकडे जायचं हे कुणी सांगत नाही. मूत्रपिंडं बिघडण्याचा काळ बरेचदा हाच. सोळाव्या वर्षापासून प्रौढांच्या युरोलॉजिस्टकडे एक-दोन भेटी जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह करून ठेवा. एक पातळ फाइल बनवा: कुठली ऑपरेशनं कधी, शंट कुठल्या बाजूला, शेवटच्या युरोडायनॅमिकचे आकडे, डीएमएसए, लॅटेक्स, चालू औषधं. तिचा फोटो फोनमध्ये.

सरकारी सोयींपैकी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मज्जारज्जूचे जन्मजात दोष आहेत. त्यात अठरा वर्षांपर्यंत जिल्ह्याच्या केंद्रातून संदर्भ मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड लवकर काढून ठेवा.

लग्न, शरीरसंबंध, मूल हे विषय डॉक्टर स्वतःहून क्वचितच काढतात, तुम्ही काढा. निरोध लॅटेक्स नसलेलाच हवा. स्पायना बायफिडा असलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून फॉलिक ॲसिडची मोठ्या मात्रेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी. नेहमीची ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा तिच्यासाठी पुरेशी नाही, तिला साधारण दसपटीची लागते. बाळाचा कणा गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच बंद होतो, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत वेळ गेलेली असते. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंड जपण्याची गोळी चालू असेल तर ती गर्भारपणात चालते का ते आधी तपासून घ्या, काही चालत नाहीत. मूत्राशय मोठं केलेलं असेल आणि सिझेरियन करावं लागलं, तर युरोलॉजिस्ट त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये हजर असणं चांगलं.

मूत्रपिंडं तरीही थकली तर डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही शक्य आहेत. स्पायना बायफिडा आहे म्हणून प्रत्यारोपण होत नाही असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या केंद्रात विचारा. फक्त नवं मूत्रपिंड बसवण्याआधी मूत्राशयातला दाब आटोक्यात आलेला असावा लागतो, नाहीतर जुन्याचं झालं तेच नव्याचं होतं. त्यामुळे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालतानाच युरोडायनॅमिक पुन्हा करायला सांगा.